५ एचपी सबमर्सिबलसाठी काय घ्यावं: मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर की मेगर?

डाळिंब_सांगोला

नमस्कार मंडळी. बोअरवर ५ एचपी थ्री फेज सबमर्सिबल आहे. मोटर ११० मीटरवर सोडलेली, ४ चौरस मिमीची तीन कोर तांब्याची फ्लॅट केबल, वर डीओएल स्टार्टर (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणारा). मोटर नुकतीच रिवायंड झाली आहे. प्लेटवर ४१५ व्होल्ट, ९.२ अँपिअर लिहिलंय आणि ओव्हरलोड रिलेही (जास्त करंट झाला की मोटर बंद करणारा) ९.२ वरच लावलाय. तरी वीस-पंचवीस मिनिटांत रिले ट्रिप होतो. वायंडर म्हणतो लाईनमध्ये दोष आहे, लाईनमन म्हणतो मोटरमध्ये आहे. बाग ऐन फुगवणीत आहे, पाणी थांबवून चालणार नाही.

आता स्वतःच मोजायचं ठरवलंय. दुकानदाराने तीन वस्तू समोर ठेवल्या: साधा डिजिटल मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर (तारेभोवती जबडा अडकवून अँपिअर मोजणारा) आणि मेगर (इन्सुलेशन तपासणारा). तिन्ही घेण्याची ऐपत नाही. आधी काय घेऊ? मीटरवर काय छापलेलं बघून घ्यायचं? आणि शेजारी धाकट्या भावाचा सोलर पंप बसतोय, त्याला हाच मीटर चालेल का?

तांब्याची_तार

क्लॅम्प मीटर घ्या. तुमचा प्रश्न अँपिअरचा आहे, आणि मल्टिमीटरने अँपिअर मोजायचे तर तार तोडून मीटर मध्ये घालावा लागतो. त्यात मल्टिमीटरची हद्द बहुधा १० अँपिअर. तुमची मोटर सुरू होतानाच पाच-सहा पट करंट ओढते. म्हणजे पहिल्याच झटक्याला फ्यूज जाणार, आणि १० अँपिअरच्या भोकाला फ्यूजच नसलेला स्वस्तातला मीटर असेल तर मीटरच जाणार. क्लॅम्पमध्ये तार तोडायची गरज नाही. शिवाय हल्लीच्या बहुतेक क्लॅम्प मीटरला व्होल्ट आणि ओहम मोजायच्या दोन वायरी असतातच, त्यामुळे वेगळा मल्टिमीटर घेण्याची तुम्हाला गरजच नाही.

घेताना लोक ४०० अँपिअर, ६०० अँपिअर, १००० अँपिअर असा मोठा आकडा बघून घेतात. तुम्हाला उलट बघायचंय. मोजायचे आहेत ९ अँपिअर, तेव्हा सर्वांत खालची रेंज ४० किंवा ६० अँपिअरची हवी आणि त्यात दोन दशांश स्थळं दिसायला हवीत. कारण माहितीपत्रकात अचूकता अशी लिहिलेली असते: ± (२ टक्के + ५ डिजिट). डिजिट म्हणजे डिस्प्लेवरचा शेवटचा आकडा. एकच दशांश दाखवणाऱ्या मीटरवर ५ डिजिट म्हणजे ०.५ अँपिअर. ९.४ चे २ टक्के म्हणजे ०.१९, दोन्ही मिळून जवळपास ०.७ ची चूक शक्य आहे. दोन दशांश दाखवणाऱ्यावर तेच ०.१९ अधिक ०.०५, म्हणजे ०.२४. एका फेजमध्ये दुसरीपेक्षा एक अँपिअर जास्त आहे का, हे तुम्हाला शोधायचंय. ०.७ ने चुकू शकणारा मीटर त्या कामाचा नाही.

आता मोजायची पद्धत. जबड्यात एकच कोर घ्यायची. तिन्ही कोर असलेली अख्खी केबल पकडली तर मीटर शून्य दाखवतो, कारण तिन्ही फेजच्या करंटची बेरीज शून्य होते. तुमची केबल फ्लॅट आहे, म्हणून स्टार्टरच्या खाली जिथे तीन कोर सुट्या होतात तिथेच मोजा. कोर जबड्याच्या मधोमध ठेवा (जबड्यावर खूण असते), कडेला टेकवली की आकडा बदलतो. जबडा पूर्ण मिटलाय ना बघा. दोन्ही टोकांच्या मध्ये कचरा अडकला तरी रीडिंग कमी येतं. मोटर सुरू झाल्यावर दोन मिनिटं थांबा, पाणी एकसारखं पडू लागलं की R, Y, B (तीन फेजची नावं) असे क्रमाने लिहून घ्या. त्याच वेळी RY, YB, BR असे दोन-दोन फेजमधले तिन्ही व्होल्टेजही घ्या, तेही मोटर चालू असताना. बंद मोटरवरचे व्होल्ट छान दिसतात, पण त्यावरून काही कळत नाही.

मेगरची वेळ अजून आलेली नाही. त्याचं पुढे लिहितो.

चाचणी_कक्ष

वरच्या उत्तराशी सहमत. पण मीटर विकत घ्यायच्या आधी जिवाशी संबंधित एक गोष्ट बघा: मीटरवर छापलेली कॅट श्रेणी.

कॅट २ म्हणजे घरातल्या सॉकेटला लावलेली उपकरणं. कॅट ३ म्हणजे पक्की वायरिंग, डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, मोटरचे पॅनेल. कॅट ४ म्हणजे उघड्या लाईनवरून आलेली सर्व्हिस आणि विजेच्या (बिलाच्या) मीटरच्या आधीचा भाग. शेतातला स्टार्टर खांबावरच्या लाईनच्या अगदी जवळ असतो, म्हणून किमान कॅट ३ ६०० व्होल्ट, आणि जमलं तर कॅट ४ ६०० व्होल्ट छापलेला घ्या. यातला ६०० हा आकडा वाचून ‘आपले तर ४१५ च आहेत’ म्हणून कुठलाही मीटर चालेल असं समजू नका. लाईनवर वीज कडाडली किंवा मोठा लोड तुटला की क्षणभर हजारो व्होल्टची उसळी येते. कॅट २ ६०० ची चाचणी ४००० व्होल्टच्या उसळीवर होते, कॅट ३ ६०० ची ६००० वर, कॅट ४ ६०० ची ८००० वर. उसळी मीटरच्या आत आर्क पेटवते आणि मागे डीपीची (ट्रान्सफॉर्मरची) ताकद असेल तर मीटर हातात फुटतो. वायरीवरही (प्रोबवर) तीच श्रेणी छापलेली हवी. मीटर कॅट ३ आणि वायरी बाजारातल्या साध्या, तर सगळं मिळून साधंच. कॅट ३ च्या प्रोबचं उघडं टोक ४ मिमीपेक्षा जास्त नसतं, म्हणजे निसटून दोन फेज एकत्र टेकायची भीती कमी. टोपी काढता येत असेल तर पॅनेलवर ती काढू नका.

‘ट्रू आरएमएस’ लिहिलेलाच घ्या. साधा मीटर सरासरी मोजतो आणि लहर शुद्ध साइन आहे असं धरून १.११ ने गुणून दाखवतो. शेतातल्या डीओएल मोटरवर त्याने फारसा फरक पडत नाही, पण ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं यंत्र), सोलर कंट्रोलर, एलईडीचे ड्रायव्हर यांच्या वाकड्यातिकड्या लहरींवर तो बऱ्यापैकी कमी दाखवतो. भावाच्या पंपाकडे जाणारच आहात, तर आत्ताच हिशेबात धरा.

डिजिटल मीटरबद्दल आणखी एक गोष्ट, इथे बरेच वायरमनही फसतात. मीटरचा आतला रोध सुमारे १ कोटी ओहम असतो, त्यामुळे किटकॅट (फ्यूजचा चिनीमातीचा होल्डर) काढलेल्या मेलेल्या तारेवरही शेजारच्या तारेच्या सान्निध्याने ६०-९० व्होल्ट दिसतात. करंट आला आहे असं वाटतं, पण त्यात दम नसतो. काही मीटरवर ‘लो-झेड’ (आतला रोध कमी करणारा) असा पर्याय असतो, त्यावर हा खोटा व्होल्टेज लगेच कोसळतो. याच्या उलटंही होतं: मोटर चालू असताना एक फेज गेली तर फिरती मोटर स्वतःच त्या मेलेल्या फेजवर व्होल्टेज तयार करते, आणि मीटरवर तिन्ही फेज हजर असल्यासारखे आकडे दिसतात. म्हणून ‘फेज आहे का’ याचा निकाल चालू मोटरवर व्होल्टने लावू नका, अँपिअरने लावा. गेलेल्या फेजचा अँपिअर शून्यच येतो.

हात घालण्यापूर्वी लाईन मेली आहे याची खात्री करायची ती अशी: आधी माहीत असलेल्या चालू जागी मीटर लावून तो दाखवतोय हे बघा, मग बंद केलेल्या जागी मोजा, मग परत चालू जागी. तिसरी पायरी सोडू नका. मधल्या वेळेत वायर तुटली असेल तर शून्य आकडा खोटा असतो. निऑन टेस्टरवर तर अजिबात विसंबू नका, पायात रबरी बूट असले की तो नीट पेटेलच असं नाही.

डाळिंब_सांगोला

मनापासून आभार. ६० अँपिअर रेंजचा, ट्रू आरएमएस, कॅट ३ ६०० चा क्लॅम्प घेतला. मोटर चालू असताना, स्टार्टरच्या इनकमिंगला:

RY ४१२, YB ३९६, BR ४०५ व्होल्ट.
R १०.५०, Y ९.२०, B ८.५० अँपिअर.

R सर्वांत जास्त ओढतोय. म्हणजे R च्या वाइंडिंगमध्ये दोष धरायचा का?

तांब्याची_तार

नाही, घाई नको. जास्त अँपिअर जिथे दिसतो तिथेच दोष असतो असं नाही.

आधी व्होल्टेजचा असमतोल काढू. सरासरी ४०४.३. सर्वांत लांबचा आकडा ३९६, फरक ८.३. म्हणजे २ टक्के. अँपिअरची सरासरी ९.४, सर्वांत लांबचा १०.५, फरक १.१, म्हणजे जवळपास १२ टक्के. व्होल्टेजमधला थोडासा असमतोल करंटमध्ये कितीतरी पट होऊन दिसतो, सहा ते दहा पटही. सबमर्सिबलला करंटचा असमतोल ५ टक्क्यांच्या आत हवा. तुमचा R फेज ९.२ च्या जागी १०.५ ओढतोय, तेव्हा रिले आपलं काम चोख करतोय. त्याची खूण ११ वर सरकवू नका. या क्षणी मोटर वाचवतोय तो रिलेच.

आता मोटर की लाईन, याचा निकाल लावायची खात्रीची पद्धत. लाईन बंद, किटकॅट काढून खिशात, वर सांगितल्याप्रमाणे शून्याची खात्री. मग स्टार्टरच्या आउटगोइंगला मोटरच्या तीन कोर तिन्ही एकदम एक-एक घर पुढे सरकवा. R वरची Y ला, Y वरची B ला, B वरची R ला. दोनच कोर बदलल्या तर मोटर उलटी फिरते, तिन्ही सरकवल्या तर दिशा तीच राहते. कोरवर आधी टेपने १, २, ३ अशा खुणा करा, रंगावर जाऊ नका. पाण्यातल्या सांध्यात रंग बदललेले असू शकतात. परत चालवा, अँपिअर घ्या. मग आणखी एक घर सरकवा, परत घ्या. असे तीन जोडण्यांचे तीन संच हाती येतील.

जास्तीचा अँपिअर स्टार्टरच्या R टर्मिनललाच चिकटून राहिला, मग कोर कुठलीही असो, तर दोष लाईनच्या बाजूला. तो १ नंबरच्या कोरसोबत Y ला, मग B ला असा फिरत गेला तर दोष मोटर, केबल किंवा खालच्या सांध्यात. थोडा फिरला, थोडा राहिला, तर दोन्हीकडे थोडं-थोडं.

दोष मोटरकडे निघाला तरच मेगर. आणि तोही विकत घेऊ नका, वायंडरकडे असतोच, तासाभरासाठी आणा. मल्टिमीटरचा ओहम दोन-तीन व्होल्टवर मोजतो, त्याला ओलसर इन्सुलेशन ठणठणीत वाटतं. मेगर ५०० व्होल्ट लावून बघतो. तिन्ही कोर स्टार्टरमधून सोडवून, एकत्र बांधून, दुसरं टोक अर्थ किंवा लोखंडी पाइपला, एक मिनिट थांबून आकडा वाचायचा. बोअरमध्ये सोडलेल्या मोटरला केबलसकट २ मेगओहमच्या वर आला तर निश्चिंत. अर्धा ते २ मध्ये असेल तर चालू ठेवा पण दर महिन्याला बघा. अर्ध्याच्या खाली उतरत चालला तर मोटर काढायची तयारी ठेवा. मोजून झाल्यावर कोर अर्थला टेकवून मोकळ्या करा, केबल चार्ज धरून ठेवते.

वाइंडिंगचा ओहम मोजणार असाल तर लक्षात असू द्या: ११० मीटर, ४ चौरस मिमी म्हणजे एका कोरला सुमारे अर्धा ओहम, जोडीला १.१ च्या आसपास. मीटरच्या वायरींचेही ०.२-०.३ असतात, आधी टोकं एकमेकांना टेकवून तो आकडा वजा करा. मूळ आकडा किती यापेक्षा तिन्ही जोड्या सारख्या आहेत का ते बघा. दोन-चार वेढ्यांचा शॉर्ट मात्र ओहमवर दिसत नाही, तो अँपिअरवरच दिसतो.

सौर_शिवार

भावाच्या सोलर पंपाचं: तुम्ही घेतलेल्या क्लॅम्पला डीसी अँपिअर आहे का, हे मागच्या पानावर बघा. बरेच क्लॅम्प डीसी व्होल्ट मोजतात आणि त्यावरून गैरसमज होतो. आतला जबडा ट्रान्सफॉर्मर असेल तर तो फक्त एसी करंट पकडतो. डीसी करंटसाठी जबड्यात हॉल सेन्सर लागतो. त्या मीटरला ‘झिरो’ बटण असतं आणि मोजण्यापूर्वी रिकाम्या जबड्याने ते दाबावं लागतं, नाहीतर आधीचं चुंबकत्व आकड्यात मिसळतं.

व्होल्टची हद्दही बघा. एका पॅनेलचा उघड्या सर्किटचा व्होल्टेज ४५-५० असतो. असे १२ ओळीत जोडले की ६०० ला टेकतात, आणि थंडीतल्या सकाळी पॅनेल गार असताना आणखी वर जातात. ६०० व्होल्टची हद्द असलेला मीटर तिथे लावू नका. डीसी १००० व्होल्ट लिहिलेला हवा. पॅनेलचे कनेक्टर लोड चालू असताना ओढू नका. डीसीचा आर्क एसीसारखा आपोआप विझत नाही. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी स्विच, मग कनेक्टर.

कंट्रोलर ते मोटर ही बाजू म्हणजे सेकंदाला हजारो वेळा कापलेली लहर. तिथे साध्या व्होल्टच्या रेंजवर आकडा भलताच चढा येतो. मीटरला लो-पास फिल्टर असेल तर तो लावून मोजा, नसेल तर व्होल्टचा नाद सोडून क्लॅम्पने तिन्ही अँपिअर सारखे आहेत का तेवढंच बघा. आणि मेगर लावताना मोटरच्या कोर कंट्रोलरपासून सोडवल्याच पाहिजेत. ५०० व्होल्ट उलटे आत गेले तर कंट्रोलरचं कार्ड जळतं.

गावठाण_फीडर

थोडं विषयांतर, पण मीटरचंच आहे. घरी बिल जास्त येतंय, याच क्लॅम्पने युनिट मोजता येतील का?

चाचणी_कक्ष

नाही. क्लॅम्प अँपिअर दाखवतो, युनिट म्हणजे वॅट गुणिले तास. मध्ये पॉवर फॅक्टर असतो. फ्रिज, पंखा, पंप यांचे व्होल्ट गुणिले अँपिअर हे खऱ्या वॅटपेक्षा जास्तच येतात.

त्यासाठी घरचा मीटरच वापरा, तो तुमच्या कुठल्याही मीटरपेक्षा अचूक आहे. त्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, समजा ३२००. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. वॅट = ३६,००,००० भागिले (३२०० गुणिले सेकंद). ९ सेकंद आले तर १२५ वॅट. सगळं बंद करून एकेक वस्तू लावत जा. सगळं बंद असतानाही दिवा लुकलुकत असेल तर गळती शोधा: फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात घेतले की शून्य यायला हवं. जे उरतं ते अर्थमधून जातंय. पण त्यासाठी मिलिअँपिअर दाखवणारा लीकेज क्लॅम्प लागतो, साध्या क्लॅम्पवर ०.०० दिसेल आणि खोटं समाधान होईल.

डाळिंब_सांगोला

तिन्ही जोडण्या करून पाहिल्या. जास्तीचा अँपिअर प्रत्येक वेळी R टर्मिनललाच राहिला: १०.५, १०.४, १०.५. कमीतला कमी B ला. मोटर निर्दोष म्हणायची. पण R मध्ये लाईनचा दोष तो काय?

तांब्याची_तार

मोटर आणि वाइंडिंग सुटले. वायंडरला तसं सांगा, बिचाऱ्यावर उगाच आळ होता.

आता व्होल्ट परत वाचा. कमी असलेल्या दोन जोड्या कोणत्या? YB आणि BR. दोन्हीत समान काय? B. RY मात्र ४१२, धड आहे. दोष B मध्ये आहे. B ची ताकद कमी पडतेय आणि त्याचा बोजा R वर चढलाय.

B वर कुठे, ते मिलिव्होल्टने सापडतं. मोटर चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर, एक प्रोब B किटकॅटच्या वरच्या स्क्रूला, दुसरा त्याच B च्या खालच्या स्क्रूला. चांगल्या किटकॅटवर शून्य पूर्णांक काही शतांश व्होल्ट येतात. मग तसंच मेन स्विचवर, मग स्टार्टरच्या काँटॅक्टवर. ८.५ अँपिअरला अर्धा व्होल्ट म्हणजे त्या ठिपक्याएवढ्या जागेत ४ वॅट उष्णता. तुलनेसाठी R आणि Y वरही मोजा. प्रोब चुकून शेजारच्या फेजला लागला तर थेट शॉर्ट आहे. एका हाताने, कोरड्या पायाने, आणि सोबत कोणीतरी असू द्या.

डाळिंब_सांगोला

B किटकॅटवर १.८ व्होल्ट, R आणि Y वर ०.०४. किटकॅटची चिमटी काळी पडलीय, चिनीमातीवरही डाग आहे. बाकी स्विच, स्टार्टर ठीक. म्हणजे हाच दोष?

चाचणी_कक्ष

हा एक दोष आहे, पूर्ण नाही. तुमच्या आकड्यांना B मध्ये साधारण १५-१६ व्होल्टची पडझड हवी, किटकॅटने १.८ चाच हिशेब लागतो. किटकॅटचा बेस आणि वरचा भाग दोन्ही बदला. काळी पडलेली चिमटी घासून परत घातली तर महिन्याभरात तीच गत होते, तिचा ताण गेलेला असतो. मग किटकॅटच्या आधी, येणाऱ्या तारांवर, मोटर बंद आणि चालू असे दोन्ही वेळचे तिन्ही व्होल्ट लिहा.

डाळिंब_सांगोला

किटकॅट बदलला. येणाऱ्या तारांवर: मोटर बंद ४१४, ४१२, ४१३. चालू ४१२, ३९८, ४०६. R आता १०.३.

चाचणी_कक्ष

बंद असताना समतोल, आणि एकट्या तुमच्या मोटरने B १४ व्होल्ट खाली. १४ भागिले ८.५ म्हणजे सुमारे १.६ ओहमचा अडथळा B च्या तारेत, खांबाकडून तुमच्या बोर्डापर्यंत. त्या जागी १२० वॅट उष्णता निघतेय. बहुतेक सर्व्हिस वायरचा खांबावरचा जंपर (लाईनला जोडणारा तारेचा तुकडा), किंवा तांब्याला ॲल्युमिनियम नुसतं पीळ देऊन बांधलेला सांधा. अंधार पडल्यावर मोटर चालू असताना खालून बघितलं तर कधीकधी ठिणगी दिसते. खांबावर चढू नका, काठीने तार हलवूही नका. १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या आणि लाईनमन दादांना ‘व्होल्टेज कमी आहे’ असं न सांगता हे दोन ओळींचे आकडे दाखवा: B फेज, बंद असताना समतोल, ८.५ अँपिअरला १४ व्होल्ट पडतात. एवढं ऐकल्यावर त्यांना डीपी तपासत बसावं लागणार नाही, सरळ तुमच्या खांबावरचा B चा जंपर उघडतील. सांध्याला बायमेटल लग (तांबं आणि ॲल्युमिनियम जोडायचा तुकडा) किंवा पीजी क्लॅम्प (दोन तारा बोल्टने आवळणारा) लावायला सांगा.

दुरुस्तीनंतर R ९.५ च्या आसपास यायला हवा. तोवर रिले ९.२ वरच असू द्या आणि पाणी पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळीने, मध्ये मोटर गार होऊ देऊन सोडा.